कुंडीतली केळ आणि पानं कुरतडणारी मांजरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खिडकीपाशी मोठ्या कुंडीत बुटकी केळ आहे, छातीइतकी वाढलेली. दीड वर्षाची पांढरी मांजरी तिच्या पानांच्या कडा कुरतडते. परवा पहाटे तिने फेसाबरोबर पानाच्या तीन-चार हिरव्या पट्ट्या ओकून टाकल्या, मग नेहमीसारखं खाल्लं, खेळली, झोपली. तिच्या हनुवटीवर तपकिरी डाग दिसताहेत, त्यांचाही फोटो तुम्ही जोडलाय. आणि घरात दोन तट पडलेत: एक म्हणतो झाड देऊन टाका, दुसरा म्हणतो मांजरं हिरवं खातातच, उगाच घाबरू नका.

झाड ठेवा. केळ मांजरांना विषारी नाही. पान, सोपट (खोडाभोवतीची आवरणं), मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं), केळफूल, फळ, साल यांपैकी कशातही मांजराचं यकृत किंवा मूत्रपिंड निकामी करणारं, हृदयावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालणारं काही नाही. पाळीव प्राण्यांच्या विषबाधांसाठी हेल्पलाइन चालवणारी अमेरिकेतली एएसपीसीए ही संस्था वनस्पतींची मोठी यादी ठेवते. तिच्यात केळ कुत्रा, मांजर आणि घोडा या तिघांसाठीही बिनविषारी म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे 'उगाच घाबरू नका' म्हणणारा तट अर्धा बरोबर आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी हे लांबलचक उत्तर.

'बिनविषारी' या शब्दाचा अर्थ लोक 'खायला चांगलं' असा घेतात. तसा तो नाही. त्याचा अर्थ एवढाच, की या झाडाच्या रसायनांमुळे जिवावर बेतणार नाही. पान खाऊन उलटी होऊ शकते, पोट बिघडू शकतं, पट्टी नको तिथे अडकू शकते, आणि तरीही झाड बिनविषारीच राहतं. दुसरं म्हणजे ती यादी झाडाबद्दल बोलते, तुमच्या कुंडीबद्दल नाही. मांजर नुसतं पान खात नाही. पानावर जे फवारलंय, मातीत जे मिसळलंय, तळच्या ताटलीत जे साचलंय, ते सगळं पोटात घेते. आणि यातलं काही तोंडाने घेतलं नाही तरी अंगाला लागतं, मग अंग चाटताना पोटात जातं. 'केळीचं पान खाल्लं' म्हणून धावत आणलेली मांजरं मी बरीच पाहिली आहेत. केळ स्वतः दोषी निघाली असं एकदाही आठवत नाही. दोष निघाला तो फवाऱ्याचा, दाणेदार औषधाचा, शेजारच्या कुंडीचा, नाहीतर झाड मुळात केळ नव्हतंच.

तेव्हा आधी तेच बघा: तुमची केळ खरंच केळ आहे का? प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण रोपवाटिकेतून आलेल्या लहान रोपात फसायला होतं. स्ट्रेलिट्झिया, म्हणजे बर्ड ऑफ पॅराडाइज, लहानपणी हुबेहूब केळीसारखी दिसते. पांढऱ्या फुलांची मोठी जात तर भल्याभल्यांना चकवते. तिच्या बिया आणि फळं खाल्ल्यास मळमळ, उलट्या, सुस्ती येते आणि ती विषारींच्या यादीत आहे. ओळखायचं कसं, तर झाडाच्या समोर उभं राहून पानं कशी फुटतात ते बघा. केळीची पानं खोडाभोवती चक्राकार फुटतात, प्रत्येक नवं पान वेगळ्या दिशेला. स्ट्रेलिट्झियाची पानं दोनच बाजूंना, उघडलेल्या पंख्यासारखी एका पातळीत असतात. शिवाय केळीचं पान पातळ असतं, शिरेच्या दिशेने बोटाने ओढलं की सर्रकन फाटतं. स्ट्रेलिट्झियाचं पान चामड्यासारखं जाड लागतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पानं चक्राकार आहेत आणि कडा फाटून झिरमिळ्या झाल्यात, त्यामुळे या बाबतीत मी निर्धास्त आहे.

अळूच्या कुळातली मोठ्या पानांची शोभेची झाडं, म्हणजे अलोकेशिया, कोलोकेशिया वगैरे, यांनाही काही जण सरसकट 'केळीसारखं काहीतरी' म्हणतात. त्यांचं पान बाणाच्या टोकासारखं किंवा बदामी आकाराचं असतं, त्यामुळे नीट पाहिलं तर गोंधळ होऊ नये. पण ती मांजराच्या तोंडात गेली तर काय होतं ते पुढे सांगतो. कर्दळही लांबून केळीच्या पिल्लासारखी दिसते. ती मात्र बिनविषारी आहे.

आता कुंडी. माझा सगळा रोख इथे आहे.

केळ हे खादाड झाड आहे. तिला पाणी भरपूर लागतं, खत भरपूर लागतं, पालाश, म्हणजे पोटॅश, तर फारच. त्यामुळे घरात केळ लावणारा माणूस सहसा खताचा डबा हाताशी ठेवून असतो. साधं दाणेदार मिश्रखत मांजराने थोडं चाटलं तर लाळ, उलटी, जुलाब यावर निभावतं. हाडांचा चुरा आणि रक्तखत यांची गोष्ट वेगळी. त्यांचा वास मांजराला खाण्यासारखा येतो, म्हणून ते माती उकरून खाते आणि पोटात गोळा होऊन बसतो. माशांपासून केलेलं द्रवखतही तसंच. सगळ्यांत वाईट म्हणजे एरंडीची पेंड. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं अत्यंत जहाल प्रथिन असतं. तेल काढल्यावर ते तेलात जात नाही, पेंडीत राहतं. पेंड पुरेशी तापवून निर्विष केलेली नसेल तर ती खाणाऱ्या जनावराला काही तासांनी उलट्या, रक्ती जुलाब सुरू होतात आणि मग ते झपाट्याने खचतं. 'सेंद्रिय' असा शिक्का असलेल्या पिशवीतही ती असू शकते. पिशवीवरचे घटक वाचा. एरंडी दिसली तर वरची माती बदला आणि ती पिशवी घरातून घालवा.

तळच्या ताटलीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. स्वतःच्या स्वच्छ वाटीतलं पाणी सोडून कुंडीखालचं गढूळ पाणी पिणारी मांजरं हा जगभरातला अनुभव आहे. त्या पाण्यात तुम्ही घातलेलं सगळं खत आणि औषध निथळून आलेलं असतं. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करायची, एवढंच.

घरातल्या केळीवर लाल कोळी, मावा आणि पिठ्या ढेकूण हमखास येतात. विशेषतः हवा कोरडी असेल तर कोळी. मग फवारणी होते. ज्यांच्याकडे केळीची बाग आहे किंवा होती ते आणखी पुढे जातात: मुळांतल्या सूत्रकृमींसाठी, कंद पोखरणाऱ्या सोंड्या किड्यासाठी मातीत दाणेदार कीटकनाशक टाकायची सवय असते आणि तीच सवय घरातल्या कुंडीतही येते. कार्बोफ्युरान, फोरेट यांसारखी ही औषधं अत्यंत विषारी असतात. काही दाणे पंजाला लागून चाटले गेले तरी मांजर दगावू शकतं. एकदा बघितलं की विसरता येत नाही असं ते दृश्य असतं: तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, लघवी-शी जागच्या जागी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि अंगभर थरथर. यावर उतारा आहे, ॲट्रोपिन. पण तो दवाखान्यात आहे आणि वेळ फार थोडा असतो. मांजर असलेल्या घरात कुंडीच्या मातीत दाणेदार कीटकनाशक कधीही टाकायचं नाही. यात मी तडजोड करत नाही.

पायरेथ्रॉइड गटातली औषधं, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे, माणसाला आणि कुत्र्याला तुलनेने सोसतात, मांजराला सोसत नाहीत. याला कारण आहे. शरीरात आलेली अनेक रसायनं यकृत एका विशिष्ट पद्धतीने, ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून, विरघळण्याजोगी करतं आणि बाहेर टाकतं. हे काम करणाऱ्या विकरांपैकी, म्हणजे एन्झाइमांपैकी, एका महत्त्वाच्या विकराचं जनुक मांजराच्या कुळात मोडकं आहे, चालतच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते ती मुख्यतः याच उणिवेमुळे. म्हणून 'कुत्र्याला चालतं, मांजराला का नाही' हा युक्तिवाद मांजरापुढे टिकत नाही. पायरेथ्रॉइड अंगावर गेलं की आधी कान फडफडतात, कातडी थरथरते, मग चालणं लटपटतं, मग झटके येतात. सौम्य करून फवारलेलं आणि पूर्ण वाळलेलं औषध कमी धोक्याचं, ओलं किंवा तीव्र द्रावण फार धोक्याचं.

एक गोष्ट केळीच्या बाबतीत खास लक्षात घ्यावी अशी. सकाळी लवकर उठून तुमच्या केळीची पानं बघा. कडेला, टोकाला पाण्याचे टपोरे थेंब लटकलेले दिसतील. ते दव नव्हे. रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी झाड पानाच्या कडेतून बाहेर टाकतं. मांजरांना हे थेंब चाटायला फार आवडतं. आता समजा तुम्ही मातीत आंतरप्रवाही औषध दिलं, इमिडाक्लोप्रिडसारखं, जे मुळांतून शोषलं जाऊन सगळ्या झाडात फिरतं. असं औषध या थेंबांत उतरतं, हे मक्याच्या रोपांवर तपासून दाखवलेलं आहे. इमिडाक्लोप्रिड सस्तन प्राण्यांना तसं मवाळ, मांजरांच्या पिसवांसाठी मानेवर टाकायच्या औषधातही ते असतं, हे खरं. पण मानेवरच्या कातडीला मोजून लावणं वेगळं आणि रोज सकाळी पोटात जाणं वेगळं. जे झाड मांजर खाते त्याला आंतरप्रवाही औषध द्यायचं नाही, साधा हिशेब आहे.

मग कीड आली तर? झाड न्हाणीघरात न्या, कोमट पाण्याच्या जोरदार धारेने पानांच्या खालच्या बाजू धुवा. पिठ्या ढेकूण ओल्या कापडाने पुसून काढा. हे आठवड्याने परत, पुन्हा आठवड्याने परत. केळीची पानं मोठी आणि मोजकी असतात, म्हणून हे काम वाटतं तेवढं कंटाळवाणं नाही. बागेसाठी मिळणारा कीटकनाशक साबण वापरलात तर वाळल्यावर पानं साध्या पाण्याने पुसून घ्या आणि तोवर खोलीचं दार बंद ठेवा. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मात्र घरात आणूच नका. त्यांनी तीव्र झटके येतात आणि अंगाचा ताप भयंकर चढतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही काहीच फवारलं नाही. पण विकणाऱ्याने फवारलं असेल. नवीन झाड आणल्यावर पानं धुणं, वरची दोन-तीन बोटं माती बदलणं आणि काही आठवडे मांजरापासून दूर ठेवणं ही चांगली सवय. तुमचं झाड सात महिने घरात आहे, तेव्हा तुमच्यासाठी हा मुद्दा मागे पडला.

आता पट्ट्यांकडे येऊ, कारण तुमच्या मांजरीला जर काही त्रास व्हायचाच असेल तर तो इथून होईल.

केळीच्या पानाच्या उपशिरा मधल्या जाड शिरेपासून कडेपर्यंत समांतर जातात. त्यामुळे पान फाटतं ते नेहमी त्याच दिशेने, सरळ लांब फितींत. वाऱ्यात टिकण्यासाठी झाडाची ही सोयच आहे. मांजराच्या नजरेला मात्र ते वाऱ्यावर हलणाऱ्या दोऱ्यांचं खेळणं दिसतं. आधी पंजा मारते, मग दात लावते, मग फीत तोंडात येते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, म्हणून लांब वस्तू एकदा जिभेवर आली की बाहेर टाकणं तिला अवघड जातं, गिळणं सोपं पडतं. गिळलेलं पान मांजराला पचत नाही. बहुतेक वेळा ते उलटीतून नाहीतर शीतून जसंच्या तसं बाहेर पडतं.

कधीकधी वेगळंच घडतं. एक तरुण बोका माझ्याकडे आला तो 'सर्दी' म्हणून. तीन दिवस सतत शिंका, एकाच नाकपुडीतून चिकट स्राव आणि दर थोड्या वेळाने मान पुढे ताणून घोट गिळल्यासारखं करणं. ताप नाही, डोळ्यांना पाणी नाही, घरातल्या दुसऱ्या मांजराला काही नाही. भूल देऊन तोंड उघडलं, टाळूचा मऊ पडदा हुकने पुढे ओढला, तर मागे एक हिरवं टोक. चिमट्याने धरून अलगद ओढलं तेव्हा बोटाएवढी लांब गवताची पात निघाली, वरचं टोक नाकाच्या मागच्या पोकळीत घुसलेलं. उलटी करताना पात घशातून वर गेली आणि टाळूच्या मागे वळून अडकली. हा प्रकार गवताने होतो, केळीच्या अरुंद फितीनेही होऊ शकतो. म्हणून तुमच्या मांजरीला पान ओकल्यानंतर एका-दोन दिवसांत अचानक शिंकांचा सपाटा सुरू झाला, वारंवार घोट गिळू लागली किंवा एकाच बाजूचं नाक वाहू लागलं, तर सर्दीचं औषध देत बसू नका. डॉक्टरांना सांगा की ती पानं खाते. हे एक वाक्य त्यांचा बराच वेळ वाचवेल.

तोंडातून किंवा गुदद्वारातून फीत लोंबताना दिसली तर ओढू नका. दोऱ्याला जो नियम, तोच पानाच्या लांब तंतूला. आत दुसरं टोक कुठे गुंतलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि ओढल्याने आतडं चिरलं जाऊ शकतं. सोपटातले तंतू तर विशेष चिवट. केळीच्याच कुळातल्या अबाका नावाच्या झाडाच्या सोपटापासून जहाजांचे दोर वळले जातात, यावरून कल्पना येईल. म्हणून वाळलेली सोपटं खोडावर लोंबू देऊ नका, वेळच्या वेळी काढा.

परवाच्या उलटीची मला काळजी वाटत नाही. एक उलटी, तिच्यात पान, नंतर नेहमीसारखी भूक आणि खेळ, हे मांजराचं रोजचं चित्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी हजाराहून जास्त मांजरपालकांना विचारलं, तेव्हा 71 टक्क्यांच्या मांजरांनी आयुष्यात किमान सहा वेळा वनस्पती खाल्ल्याचं आढळलं. त्यातली बहुसंख्य खाण्याआधी आजारी वगैरे दिसत नव्हती. म्हणजे पोट बिघडलं म्हणून मांजर पान खाते, ही समजूत फारशी टिकत नाही. रानटी पूर्वजांना आतड्यातले जंत झाडून काढायला चोथा उपयोगी पडत असावा आणि ती सवय उरली असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. मला तो पटतो.

पण उलट्या दिवसात तीन-चारदा झाल्या, प्यायलेलं पाणीही पोटात टिकेना, उलटीत रक्त दिसलं, पोटाला हात लावू देईना, किंवा चोवीस तास काही खाल्लं नाही, तर थांबायचं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली, त्यातही ती जाड असेल, तर यकृतात चरबी साचून तो स्वतंत्र आजार होऊन बसतो. कुत्र्याच्या उपाशी राहण्याशी याची तुलना करू नका.

आणि तोंडाची आग होत असल्यासारखी लक्षणं, म्हणजे अचानक लाळ, पंजाने तोंड चोळणं, जीभ-ओठ सुजणं, दिसली तर केळीकडे बोट दाखवू नका. शेजारच्या कुंड्या बघा. अळूचं कुळ, म्हणजे मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, अलोकेशिया, मॉन्स्टेरा, यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे गठ्ठे असतात. चावा बसला की त्या सुया तोंडाच्या अस्तरात घुसतात. मांजर सहसा एका चाव्यातच माघार घेते, म्हणून जीव क्वचितच जातो. तोंड पाण्याने धुवा, चमचाभर पातळ दही किंवा दूध चाटू द्या, आणि श्वासाला त्रास वाटला तर ताबडतोब निघा. मॉन्स्टेरा डेलिसिओसाची गंमत अशी की तीही उष्ण प्रदेशातलं फळझाडच. तिचं पूर्ण पिकलेलं फळ माणसं खातात, पण कच्च्या फळात आणि पानात त्याच सुया.

उष्ण प्रदेशातल्या बाकीच्या फळझाडांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, म्हणून ओझरतंच सांगतो. पेरू आणि ड्रॅगनफ्रूटची मला चिंता वाटत नाही, दुसऱ्याचे काटे सोडले तर. अननसाचीही पानं विषारी नाहीत, पण कडा करवतीसारख्या. पपईच्या चिकात प्रथिनं तोडणारं पपेन असतं, त्याने तोंड आणि पोट चुरचुरतं. लिंबूवर्गीय झाडं मात्र मांजरांसाठी विषारींच्या यादीत आहेत: पाना-सालीतली तेलं आणि सोरालेन नावाची रसायनं ही त्याची कारणं. सुदैवाने तो वास मांजरांनाच नको असतो. अव्होकॅडोतलं पर्सिन हे रसायन पक्षी, ससे, शेळ्या, घोडे यांना फार बाधतं. घरात पोपट आणि मांजर दोन्ही असतील तर मी ते झाड ठेवणार नाही. आणि फळझाडांत मोडत नसली तरी दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही: लिली, म्हणजे खरी लिली (लिलियम) आणि तशीच घातक डे-लिली, आणि पामच्या नावाखाली खपणारं सायकस. लिलीचा परागकण अंगावरून चाटला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी एक ते तीन दिवसांत मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात. सायकस यकृत घेऊन जातं. तुमच्या केळीशेजारी यांपैकी काही असेल तर ते आज घराबाहेर काढा, केळीची चर्चा उद्या करू.

फळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. 2005 मध्ये फिलाडेल्फियातल्या मोनेल सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं, की गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचा (रिसेप्टरचा) एक भाग बनवणारं जनुक मांजरांत निकामी आहे. तरी काही मांजरं केळं मागतात, बहुधा मऊपणासाठी नाहीतर तुमच्या हातात आहे म्हणून. नखाएवढा तुकडा अधूनमधून चालेल. मधुमेही मांजराला देऊ नका, शंभर ग्रॅम केळ्यात बारा ग्रॅमच्या आसपास साखर असते. पोटॅशियमची भीती घालणारे भेटतात, पण पाच ग्रॅमच्या कापात ते जेमतेम अठरा मिलिग्रॅम, त्याने निरोगी मांजराला काही होत नाही. साल देऊ नका, चिवट असते.

मांजरीला झाडापासून दूर ठेवायचे उपाय लोक एकमेकांना सांगतात, त्यांतले निम्मे झाडापेक्षा जास्त घातक आहेत. कुंडीत डांबरगोळ्या टाकू नका: नॅप्थलीनच्या वाफा आणि गोळ्या दोन्ही मांजराला विषारी. कॉफीचा चोथा नको, त्यात कॅफीन असतं. संत्र्याचं, टी-ट्रीचं, निलगिरीचं तेल शिंपडू नका. यकृताची जी उणीव वर सांगितली ती इथेही आड येते. तिखटाची पूड पंजाला लागून डोळ्यांत जाते, तो तर निव्वळ छळ आहे. मला खात्रीने उपयोगी पडताना दिसलेला उपाय एकच: तिला स्वतःचं खायचं गवत द्या. पसरट भांड्यात गहू, ओट किंवा सातू दाट पेरा. वितीएवढं झालं की केळीच्या आधी तिच्या वाटेवर पडेल अशा जागी ठेवा, आणि दर दोन आठवड्यांनी नवं भांडं पेरत राहा, कारण जून, चिवट पात ती हुंगून निघून जाते आणि परत केळीकडे वळते. सोबत कुंडीच्या मातीवर मुठीएवढे गोटे रचा. उकरणं थांबेल आणि कुंडीची शौचपेटी होणंही थांबेल. ती तशी आधीच झाली असेल तर माती हाताळताना मोजे घाला, घरात कुणी गरोदर असेल तर त्या व्यक्तीने हात लावूच नये. टोक्झोप्लाझ्मा या गर्भाला घातक सूक्ष्म परजीवीची अंड्यांसारखी रूपं मांजराच्या विष्ठेतून मातीत जाऊन टिकतात.

पुढे कधी काही संशयास्पद खाल्लं तर घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे दोन्ही मांजराला अपायकारक, पेरॉक्साइडने जठर रक्ताळतं. तोंडात दिसणारे तुकडे काढा, अंगावर औषध सांडलं असेल तर भांडी धुवायच्या द्रवसाबणाने कोमट पाण्यात धुवा, आणि झाडाचा फोटो, औषधाचा डबा, उलटीचा नमुना सोबत घेऊन निघा. डब्याशिवाय आलेला माणूस 'पांढरी पूड होती' एवढंच सांगू शकतो.

राहिले हनुवटीवरचे तपकिरी डाग. केळीचा चीक कापल्याक्षणी पाण्यासारखा असतो आणि हवा लागली की तपकिरी होतो; कपड्यावर पडला तर जन्मात जात नाही. पांढऱ्या मांजरीच्या हनुवटीवर तो उठून दिसणारच. तरी खात्री करून घ्या, कारण हनुवटीवर मांजरांना पुटकुळ्यांचा आजारही होतो. उजेडात केस उलटे फिरवून मुळाशी बघा. रंग फक्त केसांवर असेल आणि खालची कातडी गुलाबी, स्वच्छ असेल, तर तो चीक आहे. केस गळून नवे येईपर्यंत तसाच राहील, घासू नका. केसांच्या मुळाशी मिऱ्याच्या भरडीसारखे काळे कण चिकटलेले असतील, कातडी लालसर किंवा जाड लागत असेल, तर केळीचा त्यात हात नाही. तिची जेवणाची वाटी प्लास्टिकची असेल तर ती काढून स्टीलची किंवा चिनी मातीची द्या, रोज धुवा, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तिला दाखवायला घेऊन जा.